मोटारीच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर : जोडणी व चाचणी

शाळेत प्रक्षेपक यावा, पडदा टांगला जावा, मुले उत्सुकतेने जमावीत आणि नेमक्या त्याच वेळी वीज जावी, हा अनुभव खेड्यातील शिक्षकांस नवा नाही. मोखाडा, अक्कलकुवा, भामरागड यांसारख्या डोंगराळ व वनमय तालुक्यांत पावसाळी वाऱ्याने झाड कोसळून तार तुटली म्हणजे ती पुन्हा जोडली जाण्यास वेळ लागतो. अशा प्रसंगी शाळेच्या अंगणात उभी असलेली जीप किंवा एखाद्या पालकाची मोटार उपयोगी पडू शकते. तिच्या बॅटरीला इन्व्हर्टर नावाची एक लहानशी पेटी जोडली असता घरगुती विजेवर चालणारी बेताची उपकरणे काही काळ चालविता येतात. पेटी बाजारात सहज मिळते व तिची जोडणी दोन तारांचीच असल्यामुळे काम अगदी सोपे वाटते. या सोपेपणातच धोका आहे. जोडणी चुकली तर तार पेटू शकते, मोटार बंद पडू शकते आणि जवळ बसलेल्या मुलास प्राणघातक धक्का बसू शकतो. म्हणून हे यंत्र काय करते, ते कसे जोडावे आणि मुलांसमोर आणण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

यंत्राचे कार्य

मोटारीची नेहमीची बॅटरी शिसे व सौम्य गंधकाम्ल यांची असते. पुन्हा पुन्हा भरता येणारी अशी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम तयार केली. तिच्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले म्हणजे मोटारीची १२ व्होल्टांची बॅटरी होते. हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. शाळेच्या भिंतीतील प्लगमध्ये येणारी वीज मात्र २३० व्होल्ट दाबाची असून तिची दिशा सतत पालटत असते. आपल्या देशात एका सेकंदात अशी ५० आवर्तने होतात.

इन्व्हर्टर पहिल्या प्रकारच्या विजेचे दुसऱ्या प्रकारच्या विजेत रूपांतर करतो. पेटीतील इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीचा प्रवाह अतिशय वेगाने जोडतात व तोडतात, रोहित्र त्याचा दाब वाढविते आणि शेवटी तो उलटसुलट दिशेने बाहेर सोडला जातो. यासाठी पेटीच्या आत ३०० व्होल्टांहून अधिक दाब तयार होतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. या कारणास्तव पेटीचे झाकण शिक्षकाने कधीही उघडू नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी. इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. जितकी शक्ती उपकरणास मिळते तितकी, आणि वर पेटीच्या उष्णतेत वाया जाणारी, अशी सर्व शक्ती बॅटरीतूनच यावी लागते. सर्वसाधारण पेटीत १०० भाग शक्ती आत गेली तर ८५ ते ९० भाग बाहेर येते.

बारा व्होल्टांचा खरा धोका

मोटारीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडी बोटे लावली तरी धक्का जाणवत नाही. त्यामुळे या बाजूस भय नाही असा समज होतो. तो समज चुकीचा आहे. शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार होय. दाब कमी असेल तर तीच शक्ती देण्यासाठी प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो.

उदाहरण घेऊ. प्रक्षेपकास २०० वॅट, संगणकास ६० वॅट आणि ध्वनिवर्धकास ३० वॅट, असा एकूण २९० वॅटचा भार आहे. २३० व्होल्टांच्या बाजूस यासाठी सुमारे १.३ अँपिअर प्रवाह पुरतो. बॅटरीच्या बाजूस मात्र २९० भागिले १२ म्हणजे सुमारे २४ अँपिअर आणि पेटीतील घट धरून सुमारे २८ अँपिअर प्रवाह वाहतो. २३० व्होल्टांच्या बाजूस जो प्रवाह पुरतो, त्याच्या वीसपटीहून हा प्रवाह अधिक आहे. तार बारीक असेल किंवा तिचे टोक ढिले असेल तर हा प्रवाह तेथे उष्णता निर्माण करतो. रबर वितळते, उघडी तार पत्र्यास चिकटते आणि मग बॅटरी शेकडो अँपिअरचा लोंढा सोडते. पाना, अंगठी किंवा धातूची बांगडी बॅटरीच्या टोकात अडकली तर ती क्षणात लालभडक होते.

सारांश, या यंत्राच्या दोन बाजूंस दोन निराळी संकटे आहेत. बॅटरीच्या बाजूस आगीचे भय आहे आणि प्लगच्या बाजूस धक्क्याचे. लहान पेटीतून निघालेले २३० व्होल्ट हे खांबावरून आलेल्या २३० व्होल्टांइतकेच घातक असतात.

भाराची मोजणी व पेटीची निवड

पेटी घेण्यापूर्वी किंवा मागून आणण्यापूर्वी कोणती उपकरणे एकाच वेळी चालवावयाची आहेत त्यांची यादी करावी. प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागील पट्टीवर वॅटचा आकडा दिलेला असतो. कधीकधी वॅटऐवजी अँपिअर दिलेले असतात. त्यांस २३० ने गुणावे. बेरजेहून पेटीची सततची क्षमता निदान चौथ्या हिश्शाने अधिक असावी. पेटीवर पुष्कळदा मोठ्या अक्षरांत क्षणिक क्षमता छापलेली असते. ती काही सेकंदांपुरतीच असते, म्हणून निवड सततच्या क्षमतेवरून करावी. वरील २९० वॅटच्या उदाहरणात ४०० ते ५०० वॅटची पेटी योग्य होय.

पाणी तापविण्याची किटली, इस्त्री, शेगडी ही उपकरणे हजार वॅट व त्याहून अधिक शक्ती खातात. ती या पेटीवर लावू नयेत. पंप व शीतकपाट यांस सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह लागतो, म्हणून तीही वर्ज्य समजावीत.

पेट्यांचे दोन प्रकार आढळतात. एकातून मिळणारी वीज खांबावरील विजेसारखी सुरळीत लहरीची असते. दुसऱ्या, स्वस्त प्रकारात लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. संगणक, मोबाईलचे चार्जर व एलईडी दिवे बहुधा दोहोंवर चालतात. पंखा किंवा मोटर असलेले उपकरण पायऱ्यांच्या लहरीवर गुणगुणते व अधिक तापते, आणि ध्वनिवर्धकातून खरखर ऐकू येते. शाळेसाठी पेटी कायमची घ्यावयाची असेल तर पहिला प्रकार घेणे हिताचे.

गाडीची बॅटरी किती व्होल्टांची आहे हेही आधी पाहावे. मालट्रक व मोठ्या बसगाड्यांत २४ व्होल्टांची व्यवस्था असते. १२ व्होल्टांची पेटी तीस जोडल्यास ती तत्काळ निकामी होते.

तार, फ्यूज आणि पेटीची जागा

मोटारीत सिगारेट पेटविण्यासाठी किंवा मोबाईलसाठी जे छिद्र असते त्यात खोचण्याच्या लहान पेट्या मिळतात. त्या छिद्रामागे सामान्यतः १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणून तेथून शंभर-सव्वाशे वॅटहून अधिक भार घेऊ नये. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज किंवा साधी तार घालणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार होय.

याहून मोठी पेटी थेट बॅटरीवरून जोडावी लागते. तेथे तारेची जाडी हा मुख्य प्रश्न आहे. बॅटरीपासून पेटीपर्यंत दोन मीटर अंतर असेल तर जाण्यायेण्याची मिळून चार मीटर तांब्याची तार लागते. घरातील दिव्याच्या प्लगसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तार येथे लावली, तर २८ अँपिअर प्रवाहास तारेतच सुमारे १.३ व्होल्ट दाब खर्च होतो आणि सुमारे ३७ वॅट उष्णता तारेत निर्माण होते. बारा व्होल्टांतून १.३ गेले म्हणजे पेटीस दाब अपुरा पडतो व ती कुरकुरू लागते. त्याच ठिकाणी १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली असता घट सुमारे ०.१२ व्होल्ट इतकीच होते. ५०० वॅटच्या पेटीस पूर्ण भारावर सुमारे ५० अँपिअर लागू शकतात, म्हणून दोन मीटरपर्यंत हीच जाडी योग्य आहे.

धन तारेवर फ्यूज असलाच पाहिजे, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराहून दूर नसावा. कित्येकांचा समज असा असतो की, पेटीच्या आत फ्यूज आहे, मग दुसरा कशाला? आतील फ्यूज पेटीचे रक्षण करतो. बॅटरी व पेटी यांमधील तार पत्र्यावर घासून उघडी पडली तर त्या तारेचे रक्षण तो करू शकत नाही. ते काम बॅटरीजवळचा फ्यूजच करतो. ५०० वॅटची पेटी व १६ चौरस मिलिमीटरची तार यांस ६० अँपिअरचा फ्यूज चालेल. तार जेथे पत्र्याच्या छिद्रातून जाते तेथे रबराची कडी बसवावी, आणि इंजिनाचा तापणारा भाग, पंखा व पट्टा यांपासून ती दूर बांधावी. कायमची जोडणी मोटारींच्या विजेचे काम करणाऱ्या जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी. चिमट्यांनी केलेली जोडणी चाचणीपुरती ठीक. कार्यक्रमासाठी तिजवर विसंबू नये.

पेटी कोठे ठेवावी याचा नियम सोपा आहे. पेटी गाडीजवळ ठेवावी आणि लांबी प्लगच्या बाजूस वाढवावी. २३० व्होल्टांच्या बाजूस प्रवाह थोडा असतो. तेथे १.५ चौरस मिलिमीटरची तीन पदरी तार २० मीटर लांब नेली तरी वरील भारास जेमतेम ०.६ व्होल्ट कमी होतात. त्यामुळे गाडी अंगणाच्या टोकास उभी करून वर्गात वीज नेता येते. तारेचे गुंडाळे मात्र पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली तार तापते. पेटी कोरड्या फळीवर, सावलीत व वारा लागेल अशी ठेवावी. तिच्या पंख्याची जाळी मोकळी असावी. बॅटरीच्या अगदी वर ती कधीही ठेवू नये.

जोडणीचा क्रम

जोडणी मुले शाळेत नसताना, उघड्या जागी व दिवसाच्या उजेडात करावी. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ पर्यंत गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॉनेट काही वेळ उघडे ठेवून मगच कामास लागावे. विडी, काडी, निरांजन जवळ आणू नये. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. पान्याच्या मुठीस चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे धन टोकावर काम करताना तो पत्र्यास लागला तरी अनर्थ होणार नाही. डोळ्यांस चष्मा असावा.

नंतर पुढील क्रम पाळावा.

१. इंजिन बंद करून किल्ली काढावी, गिअर मोकळा ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांच्या मागेपुढे दगड लावावेत.

२. पेटीचे बटण बंद असल्याची खात्री करावी. तिच्या प्लगमध्ये काहीही लावलेले नसावे.

३. दोन्ही तारा प्रथम पेटीस जोडाव्यात. लाल तार धन टोकास व काळी तार ऋण टोकास. स्क्रू घट्ट आवळावेत.

४. लाल तारेचे दुसरे टोक फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकास जोडावे.

५. आता विद्युत्-मापकाची लाल कांडी पेटीच्या लाल टोकास व काळी कांडी गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या धातूस लावावी. मापकावर १२ व्होल्टांच्या वर आकडा दिसला पाहिजे. तसा आकडा न दिसल्यास जोडणीत चूक आहे. तेथेच थांबावे.

६. काळी तार सर्वांत शेवटी, बॅटरीपासून हातभर दूर, गाडीच्या सांगाड्यावरील स्वच्छ व रंग नसलेल्या जागी आवळावी. या क्षणी लहान ठिणगी उडते. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये म्हणूनच ही जागा दूर निवडावयाची.

सोडविताना क्रम उलट असावा : आधी उपकरणे, मग पेटीचे बटण, मग काळी तार आणि शेवटी लाल. नव्या मोटारींत बॅटरीच्या टोकावर नाजूक मापनयंत्रे बसविलेली असतात. अशा गाडीत तार कोठे जोडावी हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावे आणि गाडीच्या मालकाची संमती घेतल्यावाचून हात लावू नये. पेटीस भूमिजोडाचे टोक असेल तर तेही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जोडावे.

चाचणी

चाचणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घ्यावी आणि ती चढत्या पायरीने घ्यावी. एकदम सर्व उपकरणे लावून ‘चालते का पाहू’ असे म्हणणे ही चाचणी नव्हे.

पहिली पायरी बॅटरीची. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असल्यास ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती सुमारे अर्धी रिकामी असते. त्याखाली आकडा असेल तर प्रयोग पुढे ढकलून बॅटरी भरून घ्यावी.

दुसरी पायरी रिकाम्या पेटीची. काहीही न लावता बटण सुरू करावे. हिरवा दिवा लागावा, जळका वास किंवा सततची शिटी नसावी. नंतर मापक बदलत्या विजेच्या ७५० व्होल्टांच्या खुणेवर ठेवून प्लगमधील दाब मोजावा. सुरळीत लहरीच्या पेटीत तो २३० च्या आसपास येतो. पायऱ्यांच्या लहरीच्या पेटीत साधे मापक १८० सारखा कमी आकडा दाखवू शकते. तो बहुधा मापकाचा दोष असतो, कारण ते सुरळीत लहरीसाठीच आखलेले असते. ही मोजणी सवयीच्या माणसाने, कांड्यांच्या धातूस बोट न लावता करावी.

येथे टेस्टरविषयी सांगणे अवश्य आहे. घरातील विजेत टेस्टर एका छिद्रात पेटतो व दुसऱ्यात पेटत नाही. इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये तो दोन्हीत पेटेल किंवा एकातही पेटणार नाही, कारण येथे कोणतेही एक टोक जमिनीशी जोडलेले असेलच असे नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून तार निर्जीव आहे असे मानून तिला हात लावणे प्राणावर बेतू शकते. याच कारणामुळे गळती होताच वीज तोडणारा शाळेच्या फलकावरील स्विच या पेटीवर भरवशाने काम करील असे धरून चालू नये.

तिसरी पायरी लहान भाराची. तारेचा जुना ६० वॅटचा बल्ब असल्यास तो उत्तम. त्याचा प्रकाश स्थिर असावा. दहा मिनिटांनी पेटीचा पंखा, वास व तारांची टोके तपासावीत.

चौथी पायरी खऱ्या भाराची. उपकरणे एकेक करून सुरू करावीत, सर्वांत मोठे प्रथम. सर्व सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर एक व पेटीच्या टोकांवर एक, असे दोन दाब मोजावेत. दोहोंतील फरक ०.३ व्होल्टांहून अधिक आल्यास तार बारीक आहे किंवा कोठे तरी जोड ढिला आहे. अर्ध्या तासाने सर्व बंद करून तारांस व जोडांस हात लावून पाहावे. कोमट लागल्यास हरकत नाही. हात ठेववत नसेल तर ती जोडणी कार्यक्रमासाठी नापास समजावी.

पाचवी पायरी पुष्कळजण विसरतात. अर्ध्या तासाच्या चाचणीनंतर इंजिन सुरू होते की नाही हे पाहावे. मोटारीची बॅटरी इंजिनास क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनविलेली असते. ती खोलवर रिकामी करणे तिच्या आयुष्यास अपायकारक आहे. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २८ अँपिअर प्रवाह अर्धा तास घेतला तर तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो. इंजिन बंद ठेवून याहून पुढे जाऊ नये. पेटी स्वतःच शिटी वाजवून सूचना देईल, अशी समजूत करून घेऊ नये. ती शिटी बहुधा दाब ११ व्होल्टांच्या खाली उतरल्यावर वाजते आणि तोवर गाडी सुरू होण्याची आशा फारशी उरलेली नसते. एखादे मूल आजारी पडले व त्यास नेण्यासाठी हीच एक गाडी असली, तर त्या शिटीची किंमत कळून येते.

इंजिन सुरू ठेवूनही एकदा मोजणी करावी. जनित्र चालू असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. भार लावल्यावर हा आकडा १३ च्या वर राहिला तर जनित्र भार पेलत आहे. तो १२.५ पर्यंत घसरला तर इंजिन चालू असूनही बॅटरी रिकामी होत आहे असे समजावे व भार कमी करावा.

कार्यक्रमाच्या वेळी

इंजिन सुरू ठेवावयाचे असेल तर गाडी उघड्या मैदानात, वर्गाच्या खिडक्यांपासून दूर व धूर वाऱ्याबरोबर शाळेकडे येणार नाही अशी उभी करावी. धुरातील कार्बन मोनॉक्साईड या वायूस रंग नाही व वास नाही. तो बंद खोलीत साचला तर माणूस झोपेतल्यासारखा बेशुद्ध होतो व दगावतो. पडवीत किंवा छपराखाली गाडी सुरू ठेवणे सर्वथा वर्ज्य आहे.

गाडी व पेटी यांभोवती दोरी बांधून मुलांस तीन-चार मीटर दूर ठेवावे आणि एक मोठा माणूस तेथेच उभा करावा. वर्गात जाणारी तार पायवाटेत आडवी टाकू नये. ती भिंतीच्या कडेने न्यावी. पाऊस आला किंवा जमीन ओली झाली तर कार्यक्रम थांबवावा. वाळूची एक बादली जवळ असावी. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये.

आणखी एक निषेध सर्वांत महत्त्वाचा आहे. इन्व्हर्टरची वीज भिंतीतील प्लगात उलटी घालून संपूर्ण शाळेचे दिवे लावण्याची युक्ती काहीजण सांगतात. ही युक्ती कोणीही करू नये. ती वीज शाळेच्या मीटरमधून बाहेर पडून खांबावरील तारांत जाऊ शकते. गावची वीज गेलेली आहे अशा समजुतीने वायरमन त्याच वेळी खांबावर चढलेला असतो. शिवाय गावची वीज अचानक परत आल्यास पेटी जळते व आग लागू शकते. उपकरणे नेहमी पेटीच्या स्वतःच्या प्लगातून, वेगळ्या तारेनेच चालवावीत.

अपघात घडल्यास

कोणास धक्का बसला तर प्रथम पेटीचे बटण बंद करावे. तोवर त्या व्यक्तीस हात लावू नये. बटणापर्यंत पोचता येत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. श्वास बंद असल्यास छातीवर दाब देण्याचा उपचार लागलीच सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बॅटरीतील आम्ल डोळ्यांत उडाल्यास डोळे स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावेत व नंतर दवाखान्यात न्यावे. डोळे चोळू देऊ नयेत.

वर्गातील उपयोग

या कामातून वरच्या वर्गांसाठी गणिताचा एक चांगला पाठ तयार होतो. मुलांनी उपकरणांच्या पट्ट्या वाचाव्यात, वॅटची बेरीज करावी, तीस बारांनी भागून प्रवाह काढावा आणि बॅटरी किती वेळ पुरेल याचा अंदाज बांधावा. चाचणीतील आकडे शिक्षकाने फळ्यावर लिहावेत व मुलांच्या अंदाजाशी ताडून पाहावेत. अंदाजाहून वेळ कमी का भरला, हा प्रश्न विचारल्यास पेटीत वाया जाणाऱ्या शक्तीचा व तारेतील उष्णतेचा विचार मुले आपण होऊन करू लागतात. जोडणी व मोजणी यांत मात्र मुलांचा हात लागू देऊ नये.

शेवटी, शाळेने एक साधी नोंदवही ठेवावी. चाचणीची तारीख, बॅटरीचा आरंभीचा व शेवटचा दाब, चालविलेली उपकरणे, घेतलेला वेळ, तारांची स्थिती व इंजिन पुन्हा सुरू झाले की नाही, इतकी सहा कलमे पुरेशी आहेत. शिक्षकाची बदली झाली तरी ही वही शाळेत राहते, आणि पुढे येणाऱ्या शिक्षकास पेटी हाती घेण्यापूर्वी कोणती तार चालली, कोणता फ्यूज बसविला आणि किती वेळानंतर थांबावे लागले हे पहिल्याच दिवशी कळते.